आरएनए विषाणू सगळेच बदलतात, मग गोवर एकदाच आणि डेंग्यू पुन्हा का?

तुमचा प्रश्न असा आहे: "गोवर, फ्लू आणि डेंग्यू हे तिन्ही आरएनए विषाणूंचे आजार. गोवरची लस लहानपणी घेतली की झालं, फ्लूची मात्र दरवर्षी घ्या म्हणतात. मला डेंग्यू होऊन गेलाय, तरी डॉक्टर म्हणाले की दुसऱ्यांदा झाला तर जास्त जपा. आरएनए विषाणू सतत रूप बदलतात, हेच ना कारण?"

फ्लूपुरतं बऱ्यापैकी हेच. गोवरला ते लागू पडत नाही आणि डेंग्यूचं दुखणं तर निराळंच आहे. मी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करतो. पावसाळ्यात रिपोर्ट न्यायला आलेले लोक हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. खिडकीतून देता येत नाही तेवढं लांब उत्तर इथे देतो.

आधी चुकांचं बघू. आरएनएची, म्हणजे या विषाणूंच्या आनुवंशिक मजकुराची, नक्कल करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे पुन्हा वाचून न पाहणारा कारकून. साधारण दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे तो एखादी चूक करतो. फ्लूचा जीनोम, म्हणजे हा सगळा मजकूर, साडेतेरा हजार अक्षरांचा, डेंग्यूचा अकरा हजारांच्या आत-बाहेर, गोवरचा सोळा हजारांच्या जवळ. म्हणजे एका पेशीतून बाहेर पडणाऱ्या हजारो विषाणूंमध्ये कुठे ना कुठे काही ना काही बदललेले पुष्कळ असणारच. करोना विषाणू त्यातल्या त्यात अपवाद. त्याचा जीनोम तीस हजार अक्षरांचा आहे आणि त्याच्याकडे चूक काढून टाकणारं एक जादा विकर आहे. तरीही त्याने आपल्याला काय दाखवलं ते आठवत असेलच.

पण चूक होणं एक आणि ती चूक घेऊन जगणं दुसरं. बहुतेक बदल विषाणूलाच नडतात. आपल्या अँटीबॉडी विषाणूला जिथे पकडतात, नेमक्या त्याच जागी बदल करूनही त्याला पेशीत शिरता आलं, तरच तो बदल त्याच्या कामाचा.

गोवर इथेच अडतो. त्याच्या पृष्ठभागावरचं जे प्रथिन आपल्या पेशीला धरतं, त्याच प्रथिनाच्या धरायच्या जागेवर आणि तिच्या आसपास आपल्या महत्त्वाच्या अँटीबॉडी जाऊन बसतात. तिथे बदल केला तर अँटीबॉडी चुकेल, पण पेशीही हातची जाईल. २०१५ साली काही संशोधकांनी गोवरच्या जीनोममध्ये जागोजागी मुद्दाम छोटे तुकडे घुसवून पाहिलं. बाहेरच्या प्रथिनांमध्ये असे तुकडे घेऊन जगणारे विषाणू जवळजवळ मिळालेच नाहीत. फ्लूच्या पृष्ठभागावरच्या एचए प्रथिनाचं डोकं (बाहेरचं टोक) मात्र अशी ढवळाढवळ सहज पचवतं.

म्हणून १९५४ साली बोस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी एका शाळकरी मुलाच्या नमुन्यातून जो गोवर विषाणू वाढवला, त्याच्या वंशातल्या लशी आजही चालतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीतला एडमॉन्स्टन-झाग्रेब वाण त्याच घराण्यातला. त्याआधीचा पुरावा हवा असेल तर उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचा आहे आणि तो मला फार आवडतो. या बेटांवर १७८१ मध्ये गोवर येऊन गेला आणि पुढची ६५ वर्षं आलाच नाही. १८४६ मध्ये तो परत आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० च्या वर लोकांना झाला. पीटर पॅनम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर फिरून नोंदी केल्या. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला त्याला आढळला नाही. लस नाही, अधूनमधून विषाणूशी गाठ नाही, आणि तरी ६५ वर्षं संरक्षण!

(एक दुरुस्ती: लस "एकदा" नाही, दोनदा. आपल्या सरकारी वेळापत्रकात पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला, तेव्हा विषाणू काही बदलून आला नव्हता. करोनाच्या काळात मुलांचे डोस राहून गेले होते.)

फ्लूबद्दल तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. किरकोळ बदल साठत जातात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी लशीत कोणते वाण घ्यायचे ते ठरवते. शिवाय फ्लूचा जीनोम आठ सुट्या तुकड्यांत असल्याने दोन वाण एकाच डुकराच्या पेशीत भेटले की तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ चा स्वाइन फ्लू तसाच जन्मला. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात मास्कसाठी मेडिकलच्या दुकानांपुढे रांगा होत्या आणि तरुण माणसं गंभीर होत होती. साठीच्या वरच्या पुष्कळांना मात्र त्याची झळ कमी लागली. त्यांच्या बालपणी १९१८ च्या विषाणूचे वंशज फिरत होते आणि त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी त्यांच्या कामी आल्या. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. विषाणू अजिबात बदलला नाही तरी फ्लूच्या लशीने मिळालेलं संरक्षण काही महिन्यांत उतरू लागतं. दरवर्षी घ्यायचं हेही कारण आहे.

आता डेंग्यू. याची नवनवी रूपं दरवर्षी निघतात म्हणून तो पुन्हा होतो, असं नाही. डेंग्यूचे चार प्रकार आधीपासूनच आहेत, चौघं भाऊ म्हणा. एकाने गाठलं की त्याच्यापुरतं संरक्षण दीर्घकाळ टिकतं. उरलेल्या तिघांविरुद्धचं काही महिने असतं, मग ओसरतं. ते नुसतं ओसरून थांबलं असतं तरी चाललं असतं. पण जुन्या अँटीबॉडी नव्या प्रकाराला धरतात आणि निकामी मात्र करू शकत नाहीत. अँटीबॉडी चिकटलेला विषाणू दिसला की आपल्या काही पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. डेंग्यूला वाढायला नेमक्या याच पेशी लागतात! म्हणजे त्याला आपणच आत नेऊन सोडतो.

१९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॅल्स्टेड या अमेरिकी डॉक्टरांना दिसलं की गंभीर होणारी मुलं बहुतेक दुसऱ्या लागणीची होती, नाहीतर आईकडून अँटीबॉडी घेऊन आलेली तान्ही बाळं. पुढे क्युबाने याची जणू परीक्षाच घेतली. १९७७ मध्ये तिथे प्रकार १ पसरला आणि आजार बहुतांशी सौम्य राहिला. १९८१ मध्ये प्रकार २ आला, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले. लशीचं घोडंही इथेच अडलं. फिलिपाइन्समध्ये आठ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची लस देऊन झाल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतरची पहिली लागण जास्त गंभीर होऊ शकते. लसच त्यांच्यासाठी "पहिला डेंग्यू" ठरली होती.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. दुसऱ्या लागणीतलेही बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात.

"आरएनए म्हणजे सतत बदल आणि बदल म्हणजे पुन्हा आजार" हे समीकरण चिकुनगुनियाने तर पार मोडलंय. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ होती. मग तीसेक वर्षं शांतता आणि २००५-०६ मध्ये गावंच्या गावं आखडलेल्या सांध्यांनी वाकली. आलेला वाण वेगळा, आफ्रिकी वंशाचा. त्याच सुमारास रियुनियन बेटावर या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललं आणि तो एडीस अल्बोपिक्टस डासात जोमाने वाढू लागला. २००७ मध्ये केरळातही तो बदल दिसला. म्हणजे डासाच्या बाबतीत विषाणूने मोठीच मजल मारली. आपल्या अँटीबॉडींच्या दृष्टीने मात्र तो होता तोच राहिला. एकदा चिकुनगुनिया झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही. (सांधे वर्षभर दुखत राहणं ही नवी लागण नव्हे.)

आता तुमच्यापुरतं. तुम्हाला कोणत्या प्रकारचा डेंग्यू झाला होता ते आता कळायचं नाही. नेहमीच्या रॅपिड टेस्टमध्ये प्रकार समजत नाही, त्यासाठी तापातच पीसीआर करावी लागते. पुढे कधी ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच "आधी डेंग्यू झालाय" हे सांगा, कारण रिपोर्ट त्यानुसार वाचावा लागतो. एनएस-१ ही विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांची, आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणाऱ्या अँटीबॉडी) त्यानंतरची. लोक तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम करून घेतात. चाचणीच्या प्लेटमधल्या पॉझिटिव्ह कंट्रोलच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या पॉझिटिव्ह नमुन्याच्या) खाचा पिवळ्याधमक होतात, यांची खाच कोरी राहते, आणि "निगेटिव्ह आलं" म्हणून मंडळी निश्चिंत घरी जातात. दुसऱ्या लागणीत तर आणखी घोळ आहे. जुन्या अँटीबॉडी एनएस-१ ला बांधून टाकतात, त्यामुळे ती चाचणी जास्त वेळा चुकून निगेटिव्ह येते. आयजीएमही कमी वाढतं. वाढतं ते आयजीजी (आधीच्या लागणीची आठवण ठेवणाऱ्या अँटीबॉडी), आणि तेही लवकर. तेव्हा एका निगेटिव्ह कागदावर जाऊ नका.

तापाला पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या रसाबद्दल दर मोसमात विचारतात. त्याच्या भरवशावर दवाखाना लांबवू नका, एवढंच म्हणतो. ताप उतरला की सुटलो असंही समजू नका. धोक्याचे एक-दोन दिवस बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. तेव्हा पोटात जोराची कळ, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, खूप गुंगी किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, सरळ ॲडमिट व्हा.