मुलीसाठी 1 लाख 10 हजारांचा कॅडचा क्लास, की 45 हजारांचा डेंटल असिस्टंट कोर्स?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. मुलगी बारावी कॉमर्स पास, घरात महिन्याला 26 हजार येतात, खर्च 21, बँकेत 2 लाख 40 हजारांची एफडी आणि तीच काय ती सगळी पुंजी. कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढण्याचा, क्लास 9 महिन्यांचा, डेंटलचा 6 महिन्यांचा, आणि जवळचे डेंटिस्ट म्हणतायत की कोर्स नको, उद्यापासून ये, शिकवतो, 8 हजार देतो. मुलीला स्वतःला यातलं काय आवडतं हे मेलमध्ये कुठेच नाहीये, तेवढं आज जेवताना विचारून घ्या!

आधी एफडी. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे 1 लाख 26 हजार, त्याला हात लावायचा नाही. उरले 1 लाख 14 हजार, म्हणजे कॅडची फी भरली की हातात 4 हजार. क्लासवाले म्हणतायत बिनव्याजी ईएमआय करून देतो, पण 12 हप्ते म्हटलं तरी महिन्याला 9,167 आणि तुमची बचत 5 हजार, मग वरचे चार हजार कुठून आणणार? शिवाय ते बऱ्याचदा क्लासकडे भरायचे हप्ते नसतात, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि बहुतेक तुमच्याच नावावर, मुलीने मधेच सोडलं किंवा क्लासलाच टाळं लागलं तरी कंपनी हप्ता मागणारच आणि नाही भरला की सिबिल खराब. तिथे सही करू नका. अगदीच पैसे लागले तर एफडी मोडण्याआधी तिच्यावर कर्ज किती टक्क्यांनी मिळतं ते बँकेत विचारा, साधारण एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं.

आता डेंटल. 45 हजार स्वस्त वाटतात पण त्या 6 महिन्यांत क्लिनिकचे 48 हजार बुडतात, म्हणजे कोर्स खरा पडला 93 हजारांना. डॉक्टरांना सरळ विचारा की सर्टिफिकेट घेऊन आली तर पगार किती वाढवाल. समजा 2 हजार म्हणाले, तर 93 हजार वसूल व्हायला जवळपास चार वर्षं. आणि सक्शन धरणं, दातांचं माप घ्यायचं अल्जिनेट कालवणं, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावणं, पेशंटच्या अपॉइंटमेंट बसवणं हे सगळं खुर्चीशेजारी उभं राहूनच येतं, ते शिकायला फी कशाला? अधिकृत नोंदणी होते ती डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिकची (कवळ्या बनवणारे), पण हायजिनिस्टला बारावी सायन्स लागतं, तो रस्ता कॉमर्सवाल्यांना बंद. हां, क्लिनिकला गेलीच तर हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्यायला लावा, सुया हाताळायच्या असतात.

कॅडचं माझं मत थोडं कडू आहे. क्लास कमांड शिकवतो, ड्रॉइंग नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात नुसत्या रेषा काढता येणाऱ्यापेक्षा प्लॅन, सेक्शन वाचता येणारी, यूडीसीपीआरमधली (राज्याची बांधकाम नियमावली) साइड मार्जिन, म्हणजे बाजूला सोडायची जागा, आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते, कळणारी मुलगी हवी असते, आणि ते कॉमर्सच्या मुलीला नऊ महिन्यांत येईल असं मला तरी वाटत नाही. नुसत्या कमांडच शिकायच्या तर फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

मी तिच्या जागी असतो तर सरकारी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलचा, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायला शिकवणाऱ्या ट्रेडचा, फॉर्म भरला असता. दोन वर्षांचा ट्रेड, दहावीवर प्रवेश, फी या क्लासपुढे काहीच नाही, पुढे अप्रेंटिसशिप करता येते आणि पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्जही करता येतो. दोन वर्षं पगार नाही म्हणजे 1 लाख 92 हजार बुडाले, हे खरंय, ते लपवत नाही. पण क्लिनिकची गर्दी संध्याकाळी असते ना? डॉक्टरांनी 5 ते 9 ठेवलं आणि निम्मे 4 हजार दिले तरी बुडणारी रक्कम 96 हजारांवर येते, आणि एफडी जागच्या जागी राहते. सकाळी आयटीआय आणि रात्री क्लिनिक, दमेल पोरगी, म्हणून हे तिला विचारूनच.

डीव्हीईटीच्या (आयटीआय चालवणारं सरकारी खातं) साइटवर प्रवेशाच्या तारखा बघा, मुलींसाठी राखीव जागा असतात. नंबर नाहीच लागला तर वर्षभर पूर्णवेळ क्लिनिक, घरी फ्रीकॅड, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र कळवा.