पुनरुत्थानातलं ‘पुनर्’ आलं कुठून?

प्रश्न असा आला आहे: योहानकृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायातल्या २५व्या वचनात भाऊ लाजर नुकताच गेलेल्या मार्थेला येशू म्हणतो, “पुनरुत्थान व जीवन मीच आहे.” इथे मूळ ग्रीक शब्द कोणते? पुनरुत्थान म्हणजेच पुनर्जन्म का? आणि ‘जीवना’साठी ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत म्हणतात, त्यातला इथे कोणता?

मधला प्रश्न आधी घेतो, कारण दर ईस्टरला त्यावरून माझं डोकं फिरतं. नाही! ‘येशूच्या पुनर्जन्माचा सण’ असं लिहून शुभेच्छा पाठवणाऱ्यांना एवढंच सांगायचं की पुनर्जन्मात आई बदलते. इथे आई तीच, देह तोच, हातांवरचे खिळ्यांचे व्रणसुद्धा तेच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला बोट लावून बघ म्हटलं, ते उगाच नव्हे. आणि ग्रीकमध्ये पुनर्जन्माला शब्द नव्हता असंही नाही. ‘पालिंगेनेसिया’ हा चांगला घसघशीत शब्द होता: पालिन् म्हणजे पुन्हा, आणि पुढचा ‘गेन्’ म्हणजे आपलाच ‘जन्’. नव्या करारात तो दोनदा येतो, मत्तय १९:२८ आणि तीताला लिहिलेल्या पत्रात ३:५. एकदा सृष्टी नवी होण्याबद्दल, एकदा माणसाला आतून नवं करणाऱ्या स्नानाबद्दल. कबरीतून उठण्याबद्दल एकदाही नाही. शब्द हाताशी होता आणि या कामाला तो घेतला नाही, यावर आणखी काय बोलायचं?

योहानाचं मूळ वाक्य: एगो एइमि हे अनास्तासिस काइ हे झोए. पहिलेच दोन शब्द म्हणजे ‘अहम् अस्मि’, पण तिथे रेंगाळत नाही. मला ‘अनास्तासिस’कडे जायचं आहे. ‘अना’ म्हणजे वर, आणि ‘स्ता’ म्हणजे उभं राहणं. हा ‘स्ता’ संस्कृत ‘स्था’चा सख्खा भाऊ. आता ‘उत्थान’ फोडा: उद् + स्थान. मधला स् गेला कुठे? त्याच्यासाठी पाणिनीनं स्वतंत्र सूत्र केलंय: ‘उदः स्थास्तम्भोः पूर्वस्य’ (८.४.६१). उद् मागे आला की स्था आणि स्तम्भ् या दोनच धातूंचा स् असा विरघळतो. उत्-स्था प्राकृतात झाला ‘उट्ठ’, आणि मराठीत आला ‘उठ’. उद् आणि अना यांचं नातं नाही, पण काम एकच आणि धातू एकच. म्हणजे सकाळी “ऊठ रे, शाळेला उशीर होतोय” म्हणणारी आई अर्धं ग्रीक बोलत असते.

साम्य इथेच संपत नाही. आपल्याकडे ‘गाव उठलं’ म्हणजे ओस पडलं, ‘वस्ती उठवली’ म्हणजे माणसं हुसकावली. ग्रीकमध्ये अगदी हेच. हिरोडोटसच्या इतिहासाच्या नवव्या भागात, इसवी सनापूर्वी ४७९मध्ये इराण्यांना हरवल्यावर, ग्रीक लोक आयोनियातली (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची) माणसं तिथून उठवावीत का यावर खल करतात. तिथे शब्द कोणता? अनास्तासिस.

मग ‘पुनर्’ कशाला? ‘अना म्हणजे पुन्हा’ असं ठोकून देणारे कोशबहाद्दर भेटतात. ‘अनाझाओ’, म्हणजे पुन्हा जिवंत होणे, यात तसा अर्थ आहे, मान्य. पण ‘स्ता’बरोबर? लूक २:३४ उघडा: इस्राएलातल्या अनेकांचं ‘प्तोसिस आणि अनास्तासिस’. प्तोसिस म्हणजे पडणं (आपल्या ‘पत्’चा नातलग), अनास्तासिस म्हणजे उठणं. जोडी ‘खाली’ आणि ‘वर’ यांची आहे. माझा तर्क असा की आपलं ‘पुनर्’ ग्रीकमधून आलेलंच नाही. इंग्रजी ‘रिसरेक्शन’मध्ये लॅटिनचा ‘रि’ बसलाय, तो मिशनऱ्यांच्या कानात होता आणि तिथून तो आपल्या शब्दाच्या डोक्यावर चढला. नुसतं ‘उत्थान’ पुरलं असतं. खरं तर ‘उठणं’च पुरलं असतं.

यावर एका विद्वान स्नेह्यांनी मला सुनावलं की उठणं हा शब्द फार घरगुती, एवढ्या मोठ्या गोष्टीला शोभत नाही. त्यांनी अकरावा अध्याय पुढे वाचला नसावा. येशूशी ते बोलणं झाल्यावर मार्था घरी येते आणि बहिणीला हळूच सांगते, गुरुजी आलेत, तुला बोलावतायत. दुखवट्याला बसलेली मरीया चटकन उठते. हे २९वं वचन, क्रियापद ‘एगेइरो’. सांत्वनाला आलेली मंडळी बघतात, ही लगबगीनं उठून बाहेर चालली. हे ३१वं, आणि क्रियापद ‘अनिस्तेमि’, ज्यातून ‘अनास्तासिस’ झालं. मेलेल्यांच्या उठण्याला नव्या करारात हीच दोन क्रियापदं. ती योहान इथे भाऊ गेलेल्या बाईच्या जमिनीवरून उठण्याला बिनदिक्कत वापरतो. घरगुती म्हणे! केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंचा (ते छापून आलं १९२४मध्ये, त्यांच्या पश्चात) सगळा खटाटोप साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीसाठीच होता.

आणि ‘एगेइरो’ म्हणजे जागं करणं, उठवणं. त्याचा धातू आपल्या ‘जागृ’चा भाऊ. ग्रेगरी हे नाव त्यातलंच, अर्थ ‘जागता’. आता इफिसकरांस पत्र ५:१४ बघा: “एगेइरे, झोपलेल्या, आणि अनास्ता, मेलेल्यांतून.” जागा हो, ऊठ. मग कठोपनिषद आठवा: “उत्तिष्ठत जाग्रत.” क्रम उलटा, धातू दोन्ही तेच! कोणी कोणाचं उचललं असले फाटे कृपा करून फोडू नका. दोघांनी आपापल्या घरातली जुनी भांडी काढली, आणि ती एकाच कासाराची निघाली, इतकंच. मला मात्र हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नाही.

‘जीवन’ राहिलंच. वचनात आहे ‘झोए’. ‘झोए म्हणजे दैवी जीवन आणि बिओस म्हणजे नुसतं शारीरिक’ ही प्रवचनातली वाटणी टिकत नाही. लूक १६:२५मधल्या श्रीमंतानं ज्यात चैन केली त्या आयुष्यालाही ‘झोए’च म्हटलंय. दोन्ही शब्द आपल्या ‘जीव्’चे नातलग. बिओसचा एक अर्थ मात्र ध्यानात ठेवण्याजोगा. मार्क १२:४४मध्ये विधवा दानपेटीत दोन नाणी टाकते, तो तिचा सगळा ‘बिओस’. मराठीत तिथे ‘उपजीविका’ लिहिलं की अर्थही बसतो आणि धातूही हलत नाही.