लँडस्केप शिकायचं तर भूगोलाचा पेपर कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.आर्क. झालं, लँडस्केप आर्किटेक्चरच्या एम.आर्क.ला प्रवेश मिळाला, आणि पहिल्याच सत्रात खडक, माती, भूरूपं, हवामान. दहावीनंतर सुटलेला भूगोल परत पाठ कशाला करायचा?

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातला. तो पेपर मीही रात्र जागून पाठ केला, पास झालो आणि विसरलो. भुर्दंड नंतर बसला.

पहिलं काम गावाकडेच मिळालं. एका शाळेच्या आवारात फाटकापासून वर्गांपर्यंत वाट आणि झाडाखाली कट्टा. वीतभर मुरूम टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवत होतो. शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "काळीत फरशी बसवून रायला का बाप्पा? एक पावसाळा जाऊ दे, मंग पाह्य." मी हसलो. पुढच्या मे महिन्यात वाटेच्या कडेला चपलेसकट पाय जाईल एवढी भेग, ब्लॉक वर-खाली झालेले, आणि कट्टा मधोमध तडकलेला.

काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात, सुकले की आक्रसतात. कट्ट्याच्या पोटाखाली ओल टिकली, कडेची माती वाळली. म्हणजे एक बाजू जागेवर, दुसरी खाली. हेच मी परीक्षेत आकृती काढून लिहून आलो होतो!

तेव्हापासून मी भूगोल पुस्तकातून कमी आणि खड्ड्यातून जास्त वाचतो. कुठल्याही साइटवर आधी कमरेइतका खड्डा. ओली माती तळहातावर वळून बघायची. शेवईसारखी बारीक वळी झाली तर काळी, नुसती भुरभुरली तर बरड, म्हणजे हलकी, मुरमाड. आमच्या पूर्णा नदीकाठी गाळाचा थर इतका खोल की मुरूम सापडतच नाही, डोंगराकडून ट्रकने आणावा लागतो. अंदाजपत्रकात त्याची वाहतूक धरली नसेल तर गेलात.

त्यात आमचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला. भूजल खारट, मातीत सोडियम, निचरा मंद. बोअरच्या पाण्यावर हिरवळ लावली की जमीन चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी घट्ट, व्हायला लागते. इथे बाभळीला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी तिच्याशिवाय काय जगतं ते दाखवावं.

पूर्व विदर्भात गेलं की सगळं उलटं. भंडारा-गोंदियात आमच्याकडचा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, संपतो, जुना कठीण खडक लागतो, पाऊसही आमच्यापेक्षा बराच जास्त. उंचवट्यांच्या मधल्या सखल जागी पाळ घालून कोहळी समाजाने तलाव बांधले, ते आजचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारी) तलाव. नवेगाव बांधच्या पाळीवर उभं राहून बघा, पाळ नेमकी तिथेच का ते डोळ्यांना कळतं. असा तलाव आमच्या सपाटीवर काढायला गेलात तर पाळीची दोन टोकं टेकवायला उंचवटाच मिळायचा नाही.

आता पेपरचं. वाऱ्यांचे पट्टे, जगातले हवामान विभाग एवढ्यापुरतं पाठ करा, चालेल. उतार, निचरा आणि माती मात्र हाताने शिका. सर्वे ऑफ इंडियाची 1:50,000 ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, घ्या, ट्रेसिंग पेपर ठेवा, नाल्यांवर निळी पेन्सिल फिरवा, मग पाणलोटाची हद्द काढा. पूर्णेच्या खोऱ्यात लगेच अडाल. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या फरकाने असतात आणि जमीन इतकी सपाट की गावच्या गाव दोन रेषांच्या मध्ये बसतं. मग डम्पी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, घेऊन स्वतः उतार मोजावा लागतो. साइटवर मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा जा. ऑगस्टमध्ये चपला काढून.

त्या शाळेतला कट्टा मी स्वखर्चाने पाडला. काळी माती उपसून खाली मुरूम भरला, आणि पाणी वाटेपासून दूर जाईल असा उतार दिला. काका पुन्हा धुऱ्यावर आले होते. या वेळी काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.