वाफेची जुनी इंजिनं चालवत कशाला बसायची? रंग देऊन उभी केली तर काय बिघडलं?

तुमचा प्रश्न असा, की वाफेच्या इंजिनांचा जमाना केव्हाच संपला, मग जगभरातली हौशी मंडळी ती अजून चालवण्याचा खटाटोप का करतात? कोळसा जाळायचा, धूर करायचा, पाण्यासारखा पैसा ओतायचा, त्यापेक्षा नेरळला ठेवलंय तसं एखादं रंगरंगोटी करून उभं केलं की झालं. आणि शेवटी एक टोमणाही मारलाय: हे म्हणजे साहेबाच्या राज्याच्या आठवणीत उसासे टाकणं नाही का?

टोमण्याकडे नंतर येतो. आधी एक सांगतो, मी रेल्वेतला नाही. राहायला कोथरूडला, आणि नोकरी सगळी भोसरीतल्या कारखान्यांच्या बॉयलर हाउसमध्ये झाली. वाफेचं इंजिन समोर आलं की लोक चाकं बघतात, धूर बघतात. माझी नजर आधी बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेवर जाते. तेव्हा हे उत्तर बॉयलरवाल्याचं आहे असं समजून वाचा.

चौथऱ्यावरचं इंजिन आपल्याला जपलेलं वाटतं. प्रत्यक्षात ते आतून संपत असतं. धुराड्यावर झाकण नसलं की पाऊस थेट आत उतरतो. आत नळ्यांना जुनी काजळी चिकटलेली असतेच, तिच्यात कोळशातलं गंधक असतं. ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं आणि ते पत्रा खात बसतं. बाहेरून मात्र दरवर्षी ऑइलपेंटचा नवा हात, खाली फरशी, भोवती साखळी, एक पाटी. पाटीवर वजन आणि लांबी लिहिलेली असते. लोक फोटो काढतात आणि जातात. मला अशा इंजिनासमोर दोन मिनिटांवर उभं राहवत नाही.

तरी लोखंडाचं एक वेळ चालेल, ते पुन्हा घडवता येतं. हाताचं काय? हे यंत्र चालवायचं ज्ञान ड्रॉइंगमध्ये मावत नाही. साधं पेटवायचं उदाहरण घ्या. पूर्वी घरोघरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा, त्याचाच हा आडवा पडलेला अवाढव्य भाऊ. पण बंबासारखा काडी लावली आणि पेटला, असं इथे नाही. मोठं थंड इंजिन पेटवायला अख्खी रात्र जाते. घाई केली तर एक पत्रा तापतो, शेजारचा थंड राहतो, आणि नळ्या जिथे बसवलेल्या असतात तिथून पाणी झिरपायला लागतं. म्हणून आधी लाकडं आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग कोळसा, तोही बेताने. पहिले काही तास नुसता आळशी धूर, कारण धुराड्यातून वर खेचणारी हवेची ओढ नसते. वाफेच्या दाबाचा काटा जरा वर सरकला की ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफ सोडून ओढ वाढवणारा नळ, उघडता येतो, आणि तिथून आग खरी धरते. नंतर फावडं मारायचं ते कुठे जाळ पातळ झालाय ते बघून. ढीग घातला की मध्ये काळं पडतं, भोक पडलं की थंड हवा घुसते. हे सांगून येत नाही. भट्टीच्या दाराशी कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच ते येतं, आणि असं शेजारी उभं करायला पेटलेलं इंजिन लागतं.

आता ज्या गोष्टीवर माझा जीव आहे ती सांगतो. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ बाहेर टाकावीच लागते. ती धुराड्याच्या बरोबर खाली असलेल्या अरुंद नळीतून वर सोडतात. ती झपकन वर जाताना आजूबाजूचे गरम वायू ओढून नेते, त्यामुळे मागे भट्टीत ताजी हवा खेचली जाते. परिणाम बघा: चढ लागला, इंजिन जास्त राबायला लागलं, की वाफ जास्त सुटते, ओढ वाढते, आग आपोआप भडकते आणि लागेल तेवढी नवी वाफ तयार होते. ना सेन्सर, ना पंखा. आमच्याकडे एवढ्याच कामाला आयडी फॅन, म्हणजे भट्टीतला धूर खेचणारा पंखा होता, त्याला मोटर, मोटरला पॅनल, आणि रात्रपाळीला ते ट्रिप झालं की इलेक्ट्रिशियन शोधत फिरा! पोरं तोंडाने झुकझुक करतात ना, तो या नळीतून सुटणाऱ्या वाफेचाच आवाज. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला असे चार ठोके पडतात. चारांतला एक लंगडा पडला तर जाणता ड्रायव्हर न बघता सांगतो की व्हॉल्व्हचं सेटिंग हललंय.

उभ्या इंजिनात यातलं काहीच नसतं. हौशी माणसाचा जीव अडकतो तो इथे. डिझेल किंवा विजेच्या इंजिनात जे घडतं ते पत्र्याच्या आड घडतं. इथे दांडे, क्रॉसहेड (पिस्टनचा आणि चाकाचा दांडा जोडणारा सरकता सांधा), गळणारी वाफ, सगळं उघड्यावर. कुठल्या हालचालीने काय झालं ते शाळकरी पोरालाही दिसतं.

हे बघायचं तर तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरी गाडीला जा. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा टप्पा १८९९ मध्ये सुरू झाला, १९०८ मध्ये गाडी उटीला पोचली, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि तेवढ्यासाठी आजही कर्जतहून गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. निलगिरीत साधारण साडेबाराला १ आहे. नुसती चाकं तिथे घसरतील, म्हणून कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाच्या पोटातलं दातेरी चाक ती धरून चढतं. ही एक्स क्लासची इंजिनं मूळची स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरची. चार सिलिंडर. दोन नेहमीच्या चाकांना, दोन दातेरी चाकांना. चढावर पहिल्या जोडीतून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत नेतात, म्हणजे तीच वाफ दोनदा राबते. वर जाताना इंजिन मागून ढकलतं, आणि प्रत्येक डब्याच्या टोकाला एकेक ब्रेकवाला उभा असतो.

पाणी भरायला गाडी जंगलात थांबते. प्रवासी चहाकडे पळाले तेव्हा मी इंजिनापाशी गेलो. एक फिटर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन खाली उतरला आणि एकेका बेअरिंगला हाताची पालथी बाजू लावत गेला. तळवा लावत नाहीत; चटका बसला तर तळवा कामातून जातो. एका ठिकाणी त्याचा हात जरा जास्त रेंगाळला, परत लावला, मग त्याने तिथे दोनदा तेल घातलं. कसलाही मीटर नाही. आमच्या कारखान्यात जुने फिटर पंपांना असाच हात लावायचे. नंतर टेम्परेचर गन आली आणि ती सवय त्यांच्याबरोबरच रिटायर झाली. माझ्या मते निलगिरीत जपलेली सगळ्यात मोलाची चीज तो पालथा हात आहे. इंजिनं तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने २०११ नंतर नवीसुद्धा बांधली आहेत, त्याच जुन्या धर्तीवर. बांधणारे आणि पेटवणारे लोक साखळी न तुटता टिकले म्हणून ते जमलं.

दार्जिलिंगलाही तेच. तिथल्या बी क्लासची सुरुवात १८८९ ची. इवलंसं इंजिन, पण त्याच्या अंगाखांद्यावर किती माणसं! एक जण कोळशाच्या ढिगावर बसून तो फोडतो, आणि पुढच्या बाजूला बसलेले दोघे धुक्याने रूळ ओले झाले की हाताने वाळू टाकतात. व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेला माणूस म्हणेल पाच माणसांचं काम एकावर आणा. आणता येईलही. मग ते दार्जिलिंग राहणार नाही.

आता साहेबाचा टोमणा. साहेबांच्या देशात हे वेड १९५१ मध्ये वेल्समधल्या टॅलीलिन नावाच्या एका छोट्या रेल्वेपासून सुरू झालं. ती खाणीतली पाटीच्या दगडाची फळकुटं वाहणारी गाडी होती, बंद पडत होती, स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. त्यात साम्राज्य कुठून आलं? ब्रिटिश रेल्वेने १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली, तेव्हा वेल्समधल्याच बॅरी गावच्या भंगारवाल्याकडून लोकांनी वर्गणी काढून इंजिनं सोडवली. एक-दोन नाहीत, २१३. आणि एका जातीचं एकही इंजिन शिल्लक उरलं नव्हतं म्हणून २००८ मध्ये त्या जातीचं ‘टोर्नेडो’ हे इंजिन अगदी नव्याने बांधून पूर्ण केलं.

आपल्याकडे तर साहेब गेल्यावरच वाफेचा मोठा काळ सुरू झाला. पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ चित्तरंजनला रेल्वेचा इंजिन कारखाना आहे, त्याचं पहिलं इंजिन, ‘देशबंधु’, १९५० चं. तिथून दोन हजारांवर वाफेची इंजिनं बाहेर पडली, ब्रॉडगेजचं शेवटचं ‘अंतिम सितारा’ १९७० मध्ये. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर मार्गावर थांबली. आसनसोलजवळ जोडलेल्या इंजिनात साहेब शोधायचा तर शोधा बापडे.

आणि आठवणींचं म्हणाल तर पुणेकरांकडे त्या फारशा असायलाच नकोत. मुंबई-पुणे मार्गावर १९३० च्या आसपासच वीज आली, दख्खनची राणी पहिल्या दिवसापासून विजेवर धावली. माझ्या वयाच्या माणसांनी कोळशाचं इंजिन बघितलं ते दौंडच्या बाजूला, नाहीतर मिरजेच्या मीटरगेजवर. तरी घोरपडीच्या पुलावर आणि लोणावळ्याला कॅमेरे घेऊन उभी असलेली पोरं बघा. विशी-बाविशीची. वाफ त्यांच्या जन्माआधीच गेली. ती हळहळतात अल्को या अमेरिकन कंपनीच्या धर्तीच्या जुन्या डिझेल इंजिनांसाठी, त्यांच्या त्या काळ्या धुरासाठी. मला अल्कोचं कौतुक नाही, पण पोरांचं आहे. लहानपणी पाहिलं नसलं तरी माणूस यंत्रावर जीव लावू शकतो, याचा हा जिवंत पुरावा.

कोळशाचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. जाळलेल्या कोळशातली दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा चाकापर्यंत पोचते. ब्रिटनमध्ये फॉस-ई-फ्रान ही खाण २०२३ मध्ये बंद झाल्यावर तिथल्या हेरिटेज गाड्यांना कोळसा परदेशातून मागवावा लागतो, हे कुणाच्याही डोक्याला पटणारं नाही. निलगिरीत काही इंजिनं तेलावर नेली, तशा वाटा निघतील. सगळीच इंजिनं पेटती ठेवा असं मी म्हणत नाही. थोडी ठेवा, पण नीट ठेवा.

माझी खरी तक्रार घराजवळची आहे. माथेरानची गाडी पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये सुरू केली. तिथल्या जर्मन इंजिनांचे टोकाचे आस पोकळ होते, आत दुसरा आस, त्यामुळे त्या भयंकर वळणांवर चाकं वळणाप्रमाणे सरकायची. असं डोकं लढवलेलं यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं आणि आज महाराष्ट्रात वाफेवर नियमित चालणारी एकही गाडी नाही. माथेरानला अडचणी आहेत, कबूल. ते इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र आहे, उन्हाळ्यात वाळक्या गवतात ठिणगी पडली तर डोंगर पेटेल. पण पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत, रविवारी एक फेरी, तीही नेरळ ते जुम्मापट्टी? एवढं जमू नये असं मला वाटत नाही. डिझेलवर पत्र्याचं धुराडं बसवून समाधान मानायची कल्पना कुणी काढली तर मात्र मी तिकीट काढणार नाही.

मुलं लहान असतील तर आधी कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात न्या, १९९८ पासून सुरू आहे आणि तासाभरात पोरांना सिग्नल, सांधे, सगळं कळायला लागतं. मग निलगिरी. पुण्याहून कोईमतूरला थेट गाडी आहे, तिथून मेट्टुपालयम जवळच. सकाळची गाडी सातच्या सुमारास सुटते आणि आरक्षण लवकर भरतं, तेव्हा तारखा आधी पक्क्या करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, त्या पावसात दरडी येऊन मार्ग बंद पडतो. पुढच्या फर्स्ट क्लासच्या डब्यातून दरी छान दिसते, पण इंजिन शेवटच्या डब्याला लागून असतं. तुम्ही शेवटच्या डब्यात बसा, आणि पांढरा शर्ट घालू नका.