ऊन नागपूरकरांना नवीन नाही, पण दुबईचं ऊन वेगळं आहे

या महिन्यात दुबईचेच प्रश्न जास्त आले म्हणून तीन एकत्र घेतेय. मी स्वतः २००८ ते २०१९ तिथे राहिली, आता परत नागपुरात आहे.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर मिहानमध्ये आयटीत आहेत, त्यांना दुबईची ऑफर आलीय, महिन्याला ९,००० दिरहॅम. मी धरमपेठेतल्या एका शाळेत सात वर्षांपासून शिकवते, मुलगी सहा वर्षांची. सासूबाई म्हणतात जा, माझी आई म्हणते नको. बाकी सगळे म्हणतात उन्हाचं काय एवढं, नागपूरवाल्यांना तर सवयच असते. मी नुसती विचार करून राहिली, रात्री झोप नाही. जावं का?
— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : आधी उन्हाचंच बोलून घेऊ, कारण मीही हेच म्हणत गेली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो पण हवा कोरडी, कूलरमध्ये पाणी भरलं की खोली थंड, ओली ओढणी दहा मिनिटांत वाळते. दुबईत जुलै-ऑगस्टला पारा आपल्यापेक्षा कमीच दिसेल कधी कधी, पण बाजूला समुद्र आहे नं, पहाटे साडेपाचला दार उघडून बाहेर पाय ठेवला की चष्म्याची काच धुकटते आणि घाम अंगावर तसाच राहतो, वाळतच नाही. कूलर तिथे काही कामाचा नाही. मग घरातल्या एसीतून गाडीतल्या एसीत, तिथून मॉलच्या एसीत, असे चार महिने. बारा महिने ऊन असलेल्या गावात राहून माझं व्हिटॅमिन डी कमी निघालं आणि डॉक्टरांना त्याचं जरासुद्धा नवल वाटलं नाही, म्हणे इथे हे फार कॉमन आहे. नोव्हेंबर ते मार्च मात्र इतका सुंदर जातो की उन्हाळ्याचा सगळा राग विसरायला होतं, हेही खरं.

आता पैसा. सध्याच्या भावाने ९,००० दिरहॅम म्हणजे दोन लाखांच्या वर, पगारावर तिथे इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे आकडा ऐकून घरात सगळे खूश होतात. पण तुम्ही ऑफर लेटर हातात घ्या आणि एकच ओळ शोधा, बेसिक म्हणजे मूळ पगार किती. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. ९,००० मध्ये बेसिक ४,०००च असेल तर वर्षाचे २,८०० दिरहॅम जमा होतात, बेसिक ६,००० असेल तर ४,२००. हे सही करायच्या आधी बोलायचं, नंतर कोणी ऐकत नाही. आणि तुमचा नि मुलीचा हेल्थ इन्शुरन्स कंपनी देणार का तेही लिहून घ्या, कंपनीवर बंधन फक्त कर्मचाऱ्याचं असतं, बायकोमुलांचा काढायची जबाबदारी नवऱ्यावर येते.

घरभाडं तिथे महिन्याला नाही, वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. समजा वर्षाचं भाडं ५४,००० आणि मालक चार चेकवर तयार झाला, तर पहिला चेक १३,५००, डिपॉझिट साधारण ५ टक्के म्हणजे २,७००, एजंटचं कमिशन तेवढंच, विजेपाण्याचं डिपॉझिट २,०००. झाले की नाही २०,९००, म्हणजे दोन पगारांच्या वर, आणि अजून घरात गादीसुद्धा आलेली नाही. शिवाय विजेच्या बिलात वर्षभाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी दर महिन्याला विभागून लागते, ती कोणी आधी सांगत नाही. म्हणून पहिले तीन-चार महिने मिस्टरांना एकट्यालाच जाऊ द्या, शेअरिंगमध्ये राहू द्या, प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं तेही तोवर बरंच पुढे सरकेल.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते तर २००९ मध्ये आम्ही ते भोगलंय. मिस्टरांच्या कंपनीने ब्रांचच बंद केली, दोन महिन्यांचा पगार बाकी होता तो आजपर्यंत मिळाला नाही. तिथे व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की घरातल्या सगळ्यांच्याच व्हिसाचं घड्याळ सुरू होतं, तेव्हा आम्हाला ३० दिवस मिळाले होते. त्याच सप्टेंबरात दुबई मेट्रो सुरू झाली, सगळं शहर बघायला निघालं होतं, आणि आम्ही तिघं फरशीवर बसून कुठलं भांडं न्यायचं नि कुठलं वॉचमनला द्यायचं ते ठरवत होतो. मुलीचे शाळेचे नवे बूट, एकदाही न घातलेले, मी तीनदा बॅगेत भरले नि तीनदा काढले. अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरी नोकरी मिळाली म्हणून राहिलो. आता नियम पुष्कळ बरे आहेत, मुदत वाढलीय, २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमाही सक्तीचा आहे, महिन्याला ५ किंवा १० दिरहॅम भरून, तो मिस्टरांनी पहिल्याच महिन्यात काढायचा. पण व्हिसा नोकरीला बांधलेला असणं बदललेलं नाही, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि मानेवाड्याचं घर विकायचं नाही, भाड्याने द्या हवं तर.

आता तुमचं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांचं मत आहे नि तुमचंच नाही. राजीनामा देऊ नका. शाळेत बिनपगारी रजा मिळते का विचारा, एक वर्षाची मिळाली तरी फार झालं. बीएडची नि डिग्रीची सर्टिफिकेटं आणि मॅरेज सर्टिफिकेट इथूनच अटेस्ट करून न्या, आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग यूएईच्या वकिलातीचं, तिथे बसून हे करायला गेलं की माणूस रडकुंडीला येतो. नवऱ्याच्या व्हिसावर असलात तरी वर्क परमिट घेऊन नोकरी करता येते. ड्रायव्हिंग शिका, आपलं लायसन्स तिथे बदलून मिळत नाही, गाडी उजव्या बाजूने चालते, क्लास लावून टेस्ट द्यावी लागते आणि खर्च बराच येतो, पण तो खर्च करा. मी चार वर्षं केला नाही, तेवढी चार वर्षं मी दूध आणायलासुद्धा मिस्टरांची वाट पाहत होती. ज्या बायका तिथे कोमेजून गेल्या त्या उन्हाने नाही गेल्या, सकाळी आठ ते संध्याकाळी सात बंद फ्लॅटमध्ये बसून गेल्या.

मुलीचं सोपं आहे, तिथे सीबीएसईच्या शाळा आहेत, वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, तुम्ही दोघी एप्रिललाच जा. एक गोष्ट मात्र आत्ताच तिला सांगून ठेवा, मोठी सुट्टी तिथे जुलै-ऑगस्टमध्ये असते, म्हणजे ती नागपूरला येईल तेव्हा मामाची मुलं शाळेत. माझी लेक पहिल्या वर्षी दुपारभर गेटवर बसून राहायची. पण तान्ह्या पोळ्याला कधी कधी इथे असायची, लाकडी नंदी सजवून घरोघर फिरायची, ते तिला अजून आठवतं.

तर माझं मत, जा, पण या क्रमाने जा.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांपासून दुबईत. मागच्या वर्षी जुलैत आम्ही दोघं गेलो, दीड महिना खोलीत कोंडल्यासारखं झालं, हिने परत यायचा धोशा लावला. मुलगा नाराज झाला. यंदा परत बोलावून राहिला. काय करावं?
— एक काका, त्रिमूर्तीनगर

उत्तर : काका, यात ना मुलाची चूक ना काकूंची, महिना चुकला. डिसेंबरात जा, संध्याकाळी दोघं खाडीकाठी बसा, अब्र्याने म्हणजे तिथल्या छोट्या होडीने पलीकडे जा, जेबेल अलीला २०२२ मध्ये मोठं मंदिर झालंय तिथे काकूंना घेऊन जा. गोळ्या मूळ पाकिटात न्या, डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा झोपेच्या-दुखण्याच्या स्ट्राँग गोळ्या असतील तर मुलाला आधी तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी काढायला सांगा. व्हॉट्सॲपवरून कॉल तिथून लागत नाही, मेसेज जातात, तर इथल्या नातवंडांशी बोलायला बोटिम नावाचं कॉलिंग ॲप टाकून घ्या.

आणि काकू मुलासाठी सावजी मसाला नेणारच, तर त्यात खसखस नको. तिथे खसखशीवर बंदी आहे, अगदी चिमूटभरही चालत नाही, अनारशावरचीसुद्धा नाही. आमच्या निघायच्या आदल्या रात्री माझ्या आईने इतवारीतून आणलेलं सगळं सामान भाजून कुटून डबा बांधून ठेवला होता, मी सांगितल्यावर काही बोलली नाही, उठली, परत गॅस पेटवला आणि खसखस सोडून, सुकं खोबरं वाढवून, अकरा वाजता पुन्हा मसाला केला. घट्टपणासाठी म्हणाली तिथे ज्वारीचं पीठ लाव. चव जवळपास तीच आली.

प्रश्न : आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, दहावी पास. एजंट दीड लाख मागून राहिला, म्हणतो आत्ता विजिट व्हिसावर चल, वर्क व्हिसा तिथे करू.
— एक वाचक, वाडी

उत्तर : भाऊ, जाऊ नको. विजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, अडकशील तू, एजंट नाही. भरतीचा नि व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाने करायचा असतो, आणि आपल्या सरकारच्या नियमाने रजिस्टर्ड एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघ. कामाचा करार इथेच, समजेल अशा भाषेत वाचायला माग, पगार नि जेवण-राहण्याचं काय ते त्यात असलं पाहिजे. उघड्यावरचं काम असेल तर १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन तिथे उन्हात राबवता येत नाही, हे लक्षात ठेव. पासपोर्ट कंपनीलाही ठेवायला देऊ नको, तो ठेवून घेणं बेकायदेशीर आहे. पैसे दिले नसतील तर थांब, दिले असतील तर लेखी पावती घे आणि मला लगेच परत लिही.