जुन्या घराला बाहेरून टेक्स्चर करायचंय, आमच्याकडं पाऊस भरपूर असतो, तर कुठलं टेक्स्चर टिकेल?

आधी थेट सांगतो. तुमचं घर चुन्यात नाहीतर मातीत बांधलेलं असेल तर रोलर, रस्टिक, दगडी चिप, यातलं कुठलंच टेक्स्चर करू नका. तुम्ही लिहिलंय की राधानगरीकडं आजोबांच्या वेळचं घर आहे, बाहेरचा गिलावा सुटायला लागलाय आणि पेंटवाला तीन नमुने दाखवून गेलाय. ते नमुने ठेवा बाजूला आणि आधी भिंत कशाची आहे ते बघा. जिथं गिलावा पडलाय तिथं विटांच्या मधल्या सांध्यात खिळ्यानं खरवडा. भुगा होऊन सहज गळायला लागलं तर चुना नाहीतर माती, नुसता ओरखडा उठला तर सिमेंट. बस, निम्मा निर्णय इथंच होतो. आणि जांभ्याचं घर असेल, तुमच्या बाजूला असतात, तर मग गिलाव्याच्याच भानगडीत पडू नका, सांधे तेवढे चुन्यानं भरून घ्या.

हे एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या घरात याच्यावरनं लागलेलं भांडण अजून मिटलेलं नाही. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. वाटण्या झाल्या तेव्हा निम्मा आमच्याकडं आला, निम्मा चुलत्यांकडं, पण बोळाकडची पश्चिमेची भिंत सलग एकच राहिली. जोत्याला काळा दगड, वर चुन्यातली वीट, बाहेरून चुन्याचाच गिलावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट आहे म्हणजे अंदाज करा. पाणी उतरल्यावर ती सगळी भिंत कमरेच्या वरपर्यंत भिजलेली, सोप्यात गाळ, सगळीकडं तो कुबट वास.

वडील म्हणाले भिंतीला कुणी हात लावायचा नाही, एक उन्हाळा जाऊ दे, वाळू दे तिला. पण चुलतभावाकडं, म्हणजे आम्ही ज्याला दादा म्हणतो त्याच्याकडं, लग्न ठरलेलं. पाहुणे येणार, भिंत अशी कशी दाखवायची म्हणून त्यानं एक कॉन्ट्रॅक्टर आणला. त्यानं त्यांच्या बाजूचा चुन्याचा गिलावा फोडून काढला, ओल्या भिंतीवरच वॉटरप्रूफिंगची पावडर घालून सिमेंटचं प्लास्टर मारलं, त्यावर पुट्टी, त्यावर चॉकलेटी रंगाचं रोलर टेक्स्चर. तुळशीच्या लग्नाच्या आत सगळं तयार. दिसायला भारी होतं, ते मी नाकारत नाही. वडिलांनी अडवायला बघितलं तर तो कॉन्ट्रॅक्टर चार माणसांत म्हणाला, काका, चुना आता फक्त पानाला लावतात. आणि दादा हसला. ते हसणं वडिलांना लई लागलं, मलाही.

माझे वडील काही गवंडी नव्हते. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर त्यांचं आयुष्य गेलं. पण अडतीवर पाघळलेला, काळा पडलेला गूळ उरायचा तो न्यायला पूर्वी जुने गवंडी यायचे, चुन्यात घालायला. गूळ आणि हिरडा भिजवून ते पाणी चुन्याच्या घाण्यात ओतायचं, चुना मळायचा. ती माणसं तिथं चहा पीत बसायची आणि वडील त्यांना विचारत राहायचे, चुना किती दिवस विझवायचा, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, कधी घालायची. असं ऐकत ऐकत त्यांना जे कळलं होतं ते त्या नमुन्यांची फाईल घेऊन फिरणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

आता काय झालं ते सांगतो. पुढच्या पावसात दादाच्या बाजूला जमिनीपासून कमरेपर्यंत टेक्स्चरला फुगे आले, बोट दाबलं की आतून पाणी. आतल्या बाजूनं देवघराच्या भिंतीला लोणा धरला, रोज झाडलं तरी पांढरी भुकटी खाली पडलेली. चौकट खालून कुजली. मग २०२१ च्या जुलैत परत पूर आला आणि त्यानंतर टेक्स्चर सिमेंटसकट पापुद्रा निघावा तसं सुटलं, विटांचा वरचा थर घेऊन सुटलं. विटेचा पक्का भाजलेला पृष्ठभागच गेला, आता ती वीट पाऊस दुप्पट पिते.

आमच्या बाजूला आम्ही वडिलांचं ऐकलं. पोकळ वाजणारा गिलावा तेवढा काढला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, मग कागलकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडून चुना-सुरखीचा गिलावा करून घेतला आणि वर चुन्याची सफेदी. २०२१ ला ती बाजूपण तेवढीच भिजली. डागाळली, खालच्या हातभर भागात सफेदी गेली. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खडखडीत वाळली. एकच भिंत, एकच पाऊस, एकच पूर, मधे फक्त वाटणीची रेघ. याच्यापेक्षा मोठा पुरावा मला कुणी दाखवावा.

कारण अवघड नाही. जुन्या घरांना जोत्याला ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतच राहतं. चुन्याचा गिलावा ते पाणी वाफेनं बाहेर सोडतो. सिमेंट आणि वर टेक्स्चरचा ॲक्रिलिक थर ते कोंडून धरतो, ओलं धान्य कणगीत भरून वरून लिंपून टाकावं तसं. मग ते पाणी आतल्या खोलीत येतं नाहीतर आणखी वर चढतं, बरोबर क्षार घेऊन येतं आणि क्षार साचले की वीट फोडतात. त्यात सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक, भिंत जरा हलली की केसासारख्या भेगा पडतात, झडीचं पाणी त्या भेगांतून आत जातं आणि परत निघायला वाट नाही. चुन्यालाही भेगा पडतात, पण बारीक भेगा तो पावसापाण्यानं स्वतःच बऱ्यापैकी भरून घेतो. गवंड्यांचा नियम साधा आहे, वरचा थर खालच्यापेक्षा कडक नको.

आणि टेक्स्चर म्हणजे वॉटरप्रूफिंग, हे जे डोक्यात घालतात ते काढून टाका.

तुम्हाला खडबडीत रूपच हवं असेल तर ते चुन्यातही मिळतं. शेवटच्या हातात जाड वाळू घ्या, पत्र्यानं घोटू नका, लाकडी रंद्यानं नाहीतर स्पंजनं दाणे उघडे ठेवा, छान दाणेदार दिसतं. फक्त चुना सुरखी घातलेलाच घ्या, नाहीतर बाजारात बॅगेत मिळणारा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानंही आवळणारा, नुसता कळीचा चुना तुमच्याकडच्या दमट हवेत आवळायला फार वेळ घेतो. एका हाताला अर्ध्या इंचाच्या वर थर नको, दोन हातांत वेळ सोडा, ओली गोणपाटं टांगून ठेवा. वरून सफेदी नाहीतर वाफ सोडणारा सिलिकेट रंग, प्लास्टिक इमल्शन अजिबात नको. खर्च जास्त येतो, मजुरीच खाते, आणि चुन्याचा हात असलेला गवंडी शोधायला फिरावं लागतं. पण मिळतो.

घर सिमेंटातलं निघालं तर गोष्ट वेगळी, तिथं टेक्स्चरला माझी हरकत नाही. मी स्वतः सँड-फेस, म्हणजे वाळूचे दाणे वर दिसणारं प्लास्टरच करीन. टेक्स्चर करायचंच तर बारीक दाण्याचं, उथळ घ्या, रेघा उभ्याच ठेवा, आडव्या खोबणीत धूळ बसते, पाणी थांबतं, दुसऱ्या पावसाळ्यात हिरवं शेवाळ. उत्तरेकडं आणि झाडाखाली तर आणखी लवकर. दगडी चिप त्याच कारणासाठी नको. सिलिकॉनवालं मिळालं तर ते घ्या, पाणी झटकतं आणि वाफ बऱ्यापैकी सोडतं. जमिनीपासून फूटभर भाग मोकळा ठेवा. नवीन प्लास्टरला चार आठवडे तरी द्या. काम दसऱ्यानंतर, भिंत खरंच वाळलीय का बघून. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, आतून दव धरलं तर थांबा. आणि पश्चिमेच्या भिंतीला तुमच्याकडं झड एवढी असते की कुठलाही गिलावा असू दे, पावसाळ्यापुरता पत्रा नाहीतर ताडपत्री लावलेली बरी. त्यात लाजायचं काही नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी इंजिनियर नाही. आणि दादाचं म्हणणं असं असतंय की टेक्स्चरचा दोष नाही, वरची पन्हळ फुटली होती म्हणून भिंत गेली. पन्हळ फुटली होती हे खरं आहे. तेव्हा तुम्ही गिलाव्याला हात लावायच्या आधी कौलं, वळचण, पन्हळ आणि जोत्याजवळ पाणी साचतंय का हे बघून घ्याच, ते नीट नसेल तर चुनासुद्धा टिकत नाही. पण पन्हळीचं पाणी वरून येतं. आमच्याकडं फुगे खालून आले, कमरेपर्यंत, आणि पन्हळीपासून लांबच्या टोकालाही आले. आमच्या बाजूची पन्हळपण त्याच वर्षी गळत होती. मग आमची भिंत का वाळली, याचं उत्तर त्यानं आजवर दिलेलं नाही, दरवेळी विषय बदलतो. वडील गेले तरी हा प्रश्न तसाच आहे.

दादा, तू हे वाचत असशील तर एवढंच कर, या उन्हाळ्यात खालचा कमरेपर्यंतचा भाग तरी खरवडून मोकळा करून घे, वरचं राहू दे हवं तर. कागलच्या गवंड्याचा मुलगा आता काम करतो, मी बोलून ठेवलंय, निम्मे पैसे मी देतो.