वाचकांचे प्रश्न : वडिलांची ॲम्बॅसडर रोज चालवावी की जपावी?

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली मार्क टू ॲम्बॅसडर खानापुरात आमच्या घरी चालू स्थितीत आहे. मुलाची नोकरी बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असून त्याला हीच गाडी रोज वापरायची आहे. मात्र त्यासाठी इसुझू या जपानी कंपनीचे इंजिन, फ्लोअर गिअर, एसी आणि बकेट सीट बसवावेत, असा त्याचा आग्रह आहे. कोल्हापूरचे एक स्नेही म्हणतात, की मूळ वस्तूंपैकी एक वायसर जरी बदललात तरी गाडीची किंमत गेली. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : इंजिन आणि सीटचा विचार करण्यापूर्वी गाडी कागदोपत्री काय राहणार, हे ठरवावे लागेल. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग केला. आपली गाडी वयाने त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षे चालते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते; नियमित वापरास मनाई आहे. म्हणजे मुलाला कामावर जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर आपल्याला साधी नोंदणीच ठेवावी लागेल आणि दर पाच वर्षांनी गाडी फिटनेससाठी आरटीओपुढे उभी करावी लागेल. व्हिंटेज नोंदणीचा मान आणि रोजचा प्रवास ही दोन्ही सुखे एकाच गाडीकडून मिळणार नाहीत.

माझे मत साध्या नोंदणीच्या बाजूने आहे. गाडी चालवत ठेवणे हादेखील जतनाचाच भाग आहे, ही भूमिका ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने २०१२ च्या ट्युरिन सनदेत घेतलेली आहे, आणि बदल करावेच लागले तर ते पुन्हा काढून टाकता येतील असे असावेत, हे तत्त्वही त्याच सनदेत आहे. आपल्या घरच्या वादाला मी हीच कसोटी लावीन : जो बदल पान्याने करता येतो आणि पान्यानेच उलटवता येतो, तो करावा, ज्याला गॅस कटर आणि वेल्डिंग लागते, तो करू नये.

इसुझूचे इंजिन या कसोटीवर टिकत नाही. ॲम्बॅसडर बनवणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सने स्वतः १९९० च्या दशकात ॲम्बॅसडरला इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला, म्हणून ते ‘घरचेच’ इंजिन आहे, असे गॅरेजवाले सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण १९६८ च्या गाडीत ते बसवताना माउंटिंग नव्याने करावे लागते, गिअरच्या दांड्यासाठी फ्लोअरचा पत्रा कापावा लागतो आणि स्टिअरिंगजवळचा मूळ गिअर निकामी होतो. शिवाय आरसीवरील इंजिन क्रमांक बदलत असल्याने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगी घेऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. ती न घेता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते.

मुख्य म्हणजे या बदलाची गरजच नाही. मूळचे १४८९ सीसीचे इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे आहे. खानापूर–बेळगाव हे २५ किलोमीटरच्या आसपासचे अंतर ते ताशी ६० च्या वेगाने न दमता कापते. ते थकले असेल तर रीबोअर, नवे लायनर, व्हॉल्व्ह गाइड आणि क्रँकचे ग्राइंडिंग ही कामे देशातील पुष्कळ शहरांत आता अवघड झाली असली, तरी बेळगाव आणि कोल्हापूर हे फाउंड्री आणि लेथवाल्यांचे मुलूख आहेत, आणि आपला मुलगा तर रोज त्याच वसाहतीत जातो! हेड उघडलेच, तर व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, कडक धातूच्या बसवून घ्याव्यात. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि जुन्या बिडाच्या हेडमधील सीट त्यावर सतत चालवल्या की झिजून खाली बसतात. हा बदल बाहेरून दिसतही नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र आपल्या स्नेह्यांचे मुळीच ऐकू नये. या काळातील गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट असे. एक होज फुटला की पायाखालचा ब्रेक पूर्ण जातो, आणि उरतो तो फक्त हँडब्रेक. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि नंतरच्या ॲम्बॅसडरचे पुढचे डिस्क ब्रेक मूळ बोल्टांच्या आधारे बसवता येतात आणि काढताही येतात. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याकडे जाण्याचा विचार असेल, तर या कामाशिवाय जाऊ नये. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी पुढेच जात राहते. सीट बेल्टसाठी फ्लोअरला भोके पाडून आतून जाड पट्टी लावावी लागते. माझ्याच कसोटीशी हे विसंगत आहे, तरीही ती भोके पाडावीत, असेच मी म्हणेन.

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोऐवजी अल्टरनेटर लावावा, कारण डायनामो आयडलिंगला जवळजवळ चार्जिंग देत नाही आणि आपल्याकडच्या पावसात वायपर व दिवे एकाच वेळी लावून फाटकापाशी थांबले की दिवे मंद होतात. काढलेला डायनामो ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठीसह ठेवावा. प्रत्येक मूळ भागाचे असेच करावे. एसीला माझा विरोध आहे. कॉम्प्रेसरचा भार या इंजिनाला जाणवतो, कंडेन्सरमुळे रेडिएटरला हवा कमी मिळते, आणि खानापूरच्या हवेत एसीवाचून अडते असे दिवस फार नसतात. बकेट सीटबद्दल एवढेच, की मूळ सलग सीटची स्प्रिंग आणि भरणी नवी करून पाहावी; मुलाचे मत बदलण्याची शक्यता आहे.

किंमतीची चिंता एका मर्यादेपलीकडे करू नये. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत उत्तरपाऱ्याला ही गाडी बनत होती, त्यामुळे ती दुर्मीळ नाही. पण एकाच घराण्यात राहिलेली, न कापलेली आणि जुन्या कागदांसह असलेली मार्क टू नक्कीच कमी आढळते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विमामूल्य मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, हे लक्षात ठेवून छायाचित्रे व बिले दाखवून ते आधीच लेखी ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझी १९७४ ची फिएट महिना-महिना उभी असते. पेट्रोलमधील इथेनॉलमुळे ती बिघडेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बिघडू शकते, आणि ते इथेनॉल कदाचित आपल्याच तालुक्याच्या आसपासच्या उसाचे असेल. इथेनॉल पाणी ओढून घेते. उभ्या गाडीच्या अर्धवट भरलेल्या टाकीत ते पाणी तळाशी साचून पत्र्याला गंज धरतो. जुन्या रबराचे होज, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचे पॅकिंगही त्यामुळे मऊ होऊन फुटतात. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे भाग बसवावेत. यात मूळपणाचा प्रश्नच येत नाही, कारण रबर कधीही मूळ राहत नसते. टाकीतला जुना गाळ सुटून येत असल्याने फिल्टर सुरुवातीला वारंवार बदलावा. इंजिन थंड असताना अडखळत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, थोडे मोठे करून घ्यावे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायचीच असेल, तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी. आठवड्यातून एकदा हायवेपर्यंत चक्कर मारणे त्याहून बरे.

प्रश्न : कोल्हापुरातून जुनी फिएट घेत आहे. तिचा तीन अक्षरी जुना नंबर बेळगावात ठेवता येईल का? गाडीचे निम्मे सौंदर्य त्या पाटीतच आहे.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : साध्या नोंदणीवर कायमचा ठेवता येणार नाही. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली, की कलम ४७ नुसार तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो; म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, कर्नाटकाचा कर आणि मग बेळगावचा केए-२२ क्रमांक. जुनी पाटी घरात भिंतीवर लावावी. मात्र इसार देण्यापूर्वी चासी क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावा आणि हस्तलिखित पुस्तकातील ती नोंद संगणकावर चढली आहे का, हे तपासावे. चढली नसेल, तर ना-हरकत दाखला अडकून पडतो. तेव्हा ती चढवून घेण्याचे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्यावे आणि उरलेली रक्कम त्यानंतर द्यावी.